निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचा गौरव करायचाय? आधी त्यांचा सेवापट लिहा

सोसायटीत, गावात, शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एखाद्या निवृत्त कर्नल किंवा ब्रिगेडियर साहेबांचा सत्कार ठरतो. पहिली बैठक हॉल, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि प्रमुख पाहुणे कोण यातच संपते. साहेबांनी तीस-पस्तीस वर्षांत नेमकं काय केलं, हे सूत्रसंचालक आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर विचारतो. मग मंचावरून ‘सीमेवर डोळ्यांत तेल घालून देशाचं रक्षण करणारे’ हे हमखास वाक्य येतं. ज्यांनी निम्मी नोकरी पूल बांधण्यात किंवा फील्ड हॉस्पिटलात शस्त्रक्रिया करण्यात घालवली ते साहेब समोर बसून सभ्यपणे हसतात. दुरुस्ती करणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी सेवापट (कधी, कुठे, कोणतं काम केलं याची क्रमवार नोंद), मग पदकं, मग मुलाखत, मग मानपत्र आणि हॉलची चौकशी सगळ्यात शेवटी. हाताशी दोन महिने असावेत. हे सगळं भारतीय सैन्यदलांतून निवृत्त झालेल्यांना धरून लिहिलं आहे. नौदल आणि हवाई दलाच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी परवानगी, मग तारीख

सत्कार ‘सरप्राइज’ ठेवू नका. घरच्यांना कौतुक वाटतं, पण लष्करी माणसाला काय घालून यायचं, किती वेळ बोलायचं, कोण येणार आहे हे आधी कळलेलं आवडतं. दोघं जण घरी जा आणि तीन गोष्टी विचारा: गौरव चालेल का, कोणते विषय नकोत, आणि कोणाला बोलवायलाच हवं. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात साधारणपणे बडी नावं नसतात. जुना ड्रायव्हर, एखादे सुभेदार मेजर साहेब, सोबत शहीद झालेल्या सहकाऱ्याचं कुटुंब अशी नावं येतात. ती यादी तिथेच लिहून घ्या. पत्ते शोधायला वेळ लागतो.

तारीख निवडताना १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी टाळलेल्या बऱ्या. त्या दिवशी सगळ्यांचीच धावपळ असते आणि सत्कार ध्वजवंदनाच्या शेपटाला बांधला जातो. भूदलाचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. त्या स्मरणार्थ १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. मात्र आपल्याकडे त्याच सुमारास संक्रांत येते, तेव्हा संध्याकाळच्या हळदीकुंकवाशी टक्कर होणार हे धरून चाला. माझं मत विचाराल तर साहेबांच्या स्वतःच्या दलाचा दिवस सर्वांत चांगला. पायदळाचा २७ ऑक्टोबर, कारण १९४७ साली त्या दिवशी भारतीय पायदळ श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरलं. तोफखान्याचा २८ सप्टेंबर, अभियंता दलाचा १८ नोव्हेंबर, सिग्नल्सचा म्हणजे संदेशवहन दलाचा १५ फेब्रुवारी, नौदलाचा ४ डिसेंबर, हवाई दलाचा ८ ऑक्टोबर. मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी असतील तर ४ फेब्रुवारी: तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये कोंढाणा घेतला त्या स्मरणार्थ रेजिमेंट हा दिवस ‘मराठा दिन’ म्हणून साजरा करते. प्रत्येक पलटणीचा स्वतःचा स्थापना दिन वेगळा असतो. तो साहेबांनाच विचारा. विचारल्याचाही त्यांना आनंद होईल.

सेवापट: एक वही, पाच रकाने

सगळ्या कामाचा पाया हाच आहे. एका वहीत किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने आखा: कधीपासून कधीपर्यंत, ठिकाण, युनिट, हुद्दा, जबाबदारी. सुरुवात प्रबोधिनीपासून करा. खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), मग डेहराडूनची आयएमए (भारतीय सैन्य अकादमी) असा रस्ता असू शकतो. थेट आयएमए असू शकतो. चेन्नईच्या ओटीएमधून (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) आलेले असतील तर तो तिसरा. कमिशन मिळाल्याची तारीख हा पहिला खुंटा. त्यापुढे प्रत्येक पोस्टिंग.

पहिल्या खेपेला साहेब सांगतील त्यात हमखास फटी असतात. दोन पोस्टिंगच्या मध्ये आठ-दहा महिन्यांचा पत्ता लागत नाही. तो एखादा कोर्स असतो, हॉस्पिटलातला मुक्काम असतो किंवा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली नेमणूक असते. फट दिसली की त्यावर बोट ठेवून विचारा. चांगल्या गोष्टी अनेकदा तिथेच दडलेल्या असतात. ठिकाणांच्या बाबतीत वहिनीसाहेबांची स्मरणशक्ती जास्त भरवशाची. धाकटीची पहिली शाळा कुठली, गॅसची टाकी कुठे मिळत नव्हती, कोणत्या वर्षी सामानाची ट्रंक हरवली, अशा खुणांवरून वर्षं जुळतात.

कागदपत्रांमध्ये कमिशनची सनद, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, बढती-बदलीची जुनी पत्रं आणि कोर्सची प्रमाणपत्रं पाहा. मूळ कागद घरी नेऊ नका. फोनवर स्कॅन करा आणि तिथेच परत करा. घरी कागद सापडले नाहीत तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळतं, पण अर्ज स्वतः साहेबांनी किंवा कुटुंबीयांनी करायला हवा. समितीच्या लेटरहेडवर कोणी तुम्हाला सेवेची माहिती देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

फोटोंवरून काळ लावायची एक सोपी युक्ती आहे. खांदा पाहा. भूदलाच्या गणवेशावर एकच तारा असेल तर सेकंड लेफ्टनंट. हा हुद्दा आता राहिलेला नाही, म्हणजे फोटो जुना. दोन तारे लेफ्टनंट, तीन कॅप्टन. नुसता अशोकस्तंभ म्हणजे मेजर. अशोकस्तंभाखाली एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन कर्नल, तीन ब्रिगेडियर. तलवार आणि बॅटन एकमेकांवर तिरपे दिसले की जनरल पातळी. कर्नलपासून पुढे कॉलरवर लाल पट्ट्याही येतात. छातीवरच्या रिबनच्या ओळी वाढत जातात, त्यामुळे दोन फोटोंपैकी आधीचा कोणता हेही कळतं. मोठ्या ग्रुप फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली नावं छापलेली असतील तर स्कॅन करताना ती कापू नका. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे मंचाच्या पडद्यावर चेहरे फुटणार नाहीत.

हुद्दा आणि नाव

निमंत्रणपत्रिकेवरची सर्वांत वारंवार होणारी चूक: ‘कर्नल (निवृत्त) अमुक’. सैन्याचा संकेत आधी हुद्दा, मग नाव, मग कंसात निवृत्त, असा आहे: ‘कर्नल अमुक तमुक (निवृत्त)’. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही, ही त्यामागची भावना. फ्लेक्सवाल्याला लेखी द्या, नाहीतर तो स्वतःच्या सवयीने छापतो.

दुसरी अडचण ‘कॅप्टन’ या हुद्द्याची. भूदलातला कॅप्टन हा तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. हवाई दलात तो दर्जा ग्रुप कॅप्टनचा. आणि ‘ऑनररी कॅप्टन’ म्हणजे शिपाई म्हणून भरती होऊन सुभेदार, सुभेदार मेजर अशा पायऱ्या चढलेल्या ज्येष्ठ माणसाला मिळालेला मानाचा हुद्दा. आपल्या खेड्यापाड्यांत असे ऑनररी कॅप्टन साहेब बरेच आहेत आणि त्यांचा ‘ऑनररी’ शब्द संकोचाने गाळला जातो. गाळू नका. तळापासून तिथवर पोहोचणं किती अवघड असतं ते मंचावरून सांगा.

वेगवेगळ्या दशकांतल्या बढत्यांची तुलनाही करू नका. डिसेंबर २००४ पासून १३ वर्षांच्या सेवेनंतर लेफ्टनंट कर्नल होता येतं; त्याआधी त्या हुद्द्यासाठी जास्त थांबावं लागे आणि निवडही होत असे. १९७१ च्या पिढीतले मेजर म्हणून निवृत्त झालेले साहेब कमी कर्तबगार होते असा अर्थ त्यातून निघत नाही. मेजर राम राघोबा राणे यांच्याकडे परमवीर चक्र होतं.

पदव्यांबद्दल घटनाही बोलते. कलम १८ नुसार सरकारला कोणालाही पदवी देता येत नाही, अपवाद फक्त लष्करी आणि शैक्षणिक पदव्यांचा. म्हणून नावाआधी ‘मेजर जनरल’ योग्य आहे, पण ‘पद्मश्री’ लावणं योग्य नाही. सर्वोच्च न्यायालयानेही पद्म पुरस्कार नावाला जोडू नयेत असं स्पष्ट केलेलं आहे. पद्म मिळालं असेल तर परिचयात सांगा.

पदकांचा घोळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त बोचतातही इथल्याच. पदकांच्या नावांमधलं साम्य फसवं आहे, म्हणून चार जोड्या पाठच करा.

सेना पदक आणि सैन्य सेवा पदक वेगळी. पहिलं एखाद्या व्यक्तीला शौर्यासाठी किंवा विशिष्ट सेवेसाठी मिळतं. दुसरं ठरावीक भागात ठरावीक काळ सेवा केलेल्या सगळ्यांना. विशिष्ट सेवा पदक आणि विशेष सेवा पदक यांचंही तसंच: पहिलं निवडक लोकांना मिळणारा सन्मान, दुसरं विशिष्ट मोहिमेत भाग घेतल्याचं. परम विशिष्ट सेवा पदक म्हणजे परमवीर चक्र नव्हे. ही गल्लत मी छापील पत्रिकेतही पाहिली आहे आणि तिथे सत्कारमूर्तींना स्वतः माइक घेऊन खुलासा करावा लागला. चौथी जोडी शौर्यपदकांतली. परमवीर, महावीर, वीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. अशोक, कीर्ती, शौर्य चक्र शत्रूशी थेट युद्ध नसतानाच्या शौर्यासाठी. ‘शांतताकालीन’ म्हटलं जातं म्हणून ती सौम्य ठरत नाहीत. दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकींतली कित्येक शौर्यपदकं याच मालिकेतली आहेत.

युद्ध किंवा मोहिमेतल्या नेतृत्वासाठी आणखी एक मालिका १९८० मध्ये सुरू झाली: सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा पदक. परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट ही सेवेची मालिका १९६० ची. सुरुवातीला ती प्रथम, द्वितीय, तृतीय श्रेणी अशा नावांनी दिली जात होती आणि १९६७ मध्ये आजची नावं आली. त्यामुळे जुन्या कागदावर ‘विशिष्ट सेवा पदक, प्रथम श्रेणी’ दिसलं तर ते आजचं परम विशिष्ट सेवा पदक.

तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर त्याला ‘बार’ म्हणतात. जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीर चक्र मिळालं. त्याचा उल्लेख ‘महावीर चक्र आणि बार’ असा होतो. सूत्रसंचालकाला हे आधी समजावून सांगा, नाहीतर तो ‘बार’ गाळतो किंवा वाचताना अडखळतो.

सेना पदकाबाबत एक प्रश्न न चुकता विचारायचा: शौर्यासाठी की विशिष्ट सेवेसाठी? राजपत्रात आणि आदेशात तो भेद असतो. खातरजमेसाठी साहेबांकडची सनद पाहा. शौर्य पुरस्कारांसाठी संरक्षण मंत्रालयाचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे, त्यावर बरीच प्रशस्तिपत्रं वाचायला मिळतात. प्रशस्तिपत्र मिळालं तर सोनंच. तीन-चार परिच्छेदांत दिवस, ठिकाण, काय झालं आणि माणसाने काय केलं एवढंच असतं. एकही विशेषण वाया गेलेलं नसतं. राणे यांचंच उदाहरण घ्या. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढताना ते स्वतः जखमी झाले होते. सुरुंगांच्या पट्ट्यातून ते रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले आणि दोरी ओढून चालकाला थांब, चल असे इशारे देत राहिले. यापुढे ‘अतुलनीय’ हा शब्द जोडून काय मिळणार?

पदकं मंचावर मांडायची असतील तर साहेबांच्या संमतीने, बंद काचेच्या पेटीत, आणि घरचा एक माणूस जवळ उभा. ब्रासोने घासून चमकवू नका. बहुतेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, ते घासून झिजतं. कोणतं पदक आधी, असा क्रमाचा प्रश्न आला तर साहेबांना विचारा किंवा त्यांच्याकडे तयार पट्टी असेल ती तशीच ठेवा. छातीच्या मध्याकडचं पदक सगळ्यात वरच्या मानाचं.

बोलतं कसं करायचं

सेवापट हातात आला की मुलाखत. एका बैठकीला तासभर पुरे. दोन किंवा तीन बैठका करा. फोनवर रेकॉर्ड करा, पण विचारून. तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर नोकरी झालेल्यांना बऱ्याचदा एका कानाने कमी ऐकू येतं. कोणत्या बाजूला बसू, हे सरळ विचारा आणि पंखा बंद करा.

‘सर, युद्धाचा अनुभव सांगा’ या प्रश्नाला पत्रकारांना दिलेलं पाठ उत्तर मिळतं. त्याऐवजी सेवापटातली एक ओळ काढा. ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुम्ही त्या चौकीवर होतात. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं?’ मग पाणी वितळवण्याची, रेडिओची बॅटरी झोपायच्या पिशवीत घेऊन झोपण्याची, पत्रं तीन आठवड्यांनी एकत्र येण्याची गोष्ट निघते. पुढे विचारा: पहिल्या युनिटमध्ये तुम्हाला काम कोणी शिकवलं? उत्तर ऐंशी टक्के वेळा एखाद्या हवालदाराचं किंवा सुभेदाराचं असतं, आणि तो माणूस हयात असेल तर तोच तुमचा सर्वांत योग्य वक्ता. कोणता निर्णय आजही आठवतो? सीओ म्हणजे युनिटचे कमान अधिकारी असताना कोणाला शिक्षा करावी लागली आणि नंतर त्याचं काय झालं? निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात सगळ्यात अवघड काय गेलं?

काही प्रश्न विचारायचेच नाहीत. किती शत्रू मारले, हा त्यांतला पहिला. उत्साही तरुण मुलं हटकून विचारतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. ज्या सहकाऱ्यांचं निधन डोळ्यांसमोर झालं त्यांच्याबद्दल साहेबांनी स्वतः विषय काढला तर ऐका, मध्येच ‘मग काय झालं’ म्हणू नका. ते थांबले तर तुम्हीही थांबा. आत्ताच्या तैनाती, गुप्तवार्ता, स्थानिक माहितगारांची नावं हे विषय टाळा. चुकून आले तर छापू नका. अधिकृत गुपिते कायदा १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. छापण्यापूर्वी मजकूर साहेबांना दाखवा आणि त्यांनी खोडलेलं कारण न विचारता खोडा.

वहिनीसाहेबांची वेगळी मुलाखत घ्या, साहेब शेजारच्या खोलीत असताना. फील्ड पोस्टिंगमध्ये कुटुंब सोबत नसतं. त्या काळात घर, मुलं, सासू-सासरे आणि पलटणीतल्या जवानांच्या बायकांच्या अडचणी त्यांनीच पाहिलेल्या असतात. ‘पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका. मुलांच्या किती शाळा बदलल्या तो आकडाच मानपत्रात घाला.

मानपत्र

अडीचशे ते तीनशे शब्द. मोठ्याने, सावकाश वाचलं तर तीन मिनिटांत संपलं पाहिजे. ‘आपण’ असा संबोधनाचा सूर ठेवा. पहिल्या वाक्यात नाव-हुद्दा, दुसऱ्यापासून काम. नमुन्यादाखल एका काल्पनिक अधिकाऱ्यासाठी असा परिच्छेद होऊ शकेल:

‘१९८४ साली डेहराडूनहून आपण अभियंता दलात दाखल झालात आणि पहिल्याच वर्षी पुरात वाहून गेलेल्या रस्त्यावर बेली पूल उभा केलात. पुढच्या एकतीस वर्षांत अकरा ठिकाणी आपली बदली झाली. त्यांतल्या चार ठिकाणी कुटुंबाला सोबत नेता आलं नाही. रेजिमेंटची कमान आपल्याकडे असताना सुरुंग काढण्याच्या कामावर एकही जवान आपण स्वतः पाहणी केल्याशिवाय पाठवला नाही, असं आपल्या हाताखाली काम केलेले सुभेदार साहेब सांगतात.’

यात ‘भारतमातेचा थोर सुपुत्र’ नाही, ‘प्राणांची बाजी’ नाही. तरी हॉलमध्ये शांतता पसरते, कारण प्रत्येक ओळ फक्त याच माणसाला लागू पडते. मसुदा तपासायची कसोटीही हीच: साहेबांचं नाव काढून दुसऱ्या कोणत्याही फौजीचं घातलं तर वाक्य चालतंय का? चालत असेल तर ते काढा. देवनागरीत पदकांची नावं पूर्ण लिहा, आद्याक्षरं नकोत. घोषवाक्य घालायचं असेल तर त्यांच्याच दलाचं: अभियंत्यांचं ‘सर्वत्र’, सिग्नल्सचं ‘तीव्र चौकस’, नौदलाचं ‘शं नो वरुणः’, हवाई दलाचं ‘नभः स्पृशं दीप्तम्’. मराठा लाइट इन्फंट्रीचं ‘कर्तव्य, मान, साहस’.

छापण्यापूर्वी दोघांनी वाचायला हवं: एक साहेबांच्या युनिटमधला माणूस, दुसरा शुद्धलेखन जाणणारा. उलट क्रमाने दिलंत तर दोनदा द्यावं लागेल.

कार्यक्रम

दीड तास. त्याहून लांब नको. फौजी माणूस दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर असतो. पत्रिकेवर सहाची वेळ छापून मंत्रिमहोदयांची वाट पाहत सातला सुरू करणं हा अपमानच आहे. पाहुणे उशिरा येणार असतील तर त्यांच्याशिवाय सुरू करा. ते आल्यावर त्यांना बसवायला एक माणूस पुरतो.

वक्ते तीन: सोबत नोकरी केलेला एक, घरचा एक, गावातला किंवा संस्थेतला एक. प्रत्येकी सात मिनिटं. त्यानंतर लगेच मानपत्र आणि सत्कारमूर्तींचं भाषण, आभार मग. नऊ जणांची भाषणं झाल्यावर, लोक चपला शोधत असताना साहेबांच्या हाती माइक देण्याची आपल्याकडची पद्धत मोडायला हवी.

गणवेशाचा आग्रह धरू नका. निवृत्तीनंतर साहेब बंदगळा किंवा रेजिमेंटचं ब्लेझर-टाय घालतील, पदकं लावायची की नाही ते ठरवतील. स्वागताला मुलांना सैनिकी पोशाखात उभं करून सलामी देणंही टाळा. साहेबांना ‘जय हिंद’ किंवा नमस्कार पुरे. मानवंदनेसाठी एनसीसीचे कॅडेट हवे असतील तर बटालियनच्या कमान अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. सेवेतले अधिकारी बोलवायचे तर जवळच्या स्टेशन मुख्यालयाला महिनाभर आधी पत्र द्या, आणि मंचावर कोणत्याही पक्षाचा झेंडा, चिन्ह किंवा उमेदवार नसेल हे त्यात लिहा आणि पाळा. आचारसंहिता लागू असेल तर जास्त सांभाळा: प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नयेत असं निवडणूक आयोगाने २०१३ आणि पुन्हा २०१९ मध्ये पक्षांना बजावलं आहे. साहेबांच्या फोटोशेजारी हात जोडलेला इच्छुक उमेदवार असलेला फ्लेक्स म्हणजे साहेबांनाच अडचणीत आणणं.

मिरवणूक काढणार असाल तर पोलिसांची परवानगी घ्या. आनंदाच्या भरात परवान्याच्या बंदुकीतून हवेत बार काढण्याची काही गावांत हौस असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे. फटाक्यांच्या माळेबद्दलही साहेबांना आधी विचारा. सगळ्यांनाच तो आवाज सोसतो असं नाही.

तिरंगा. मंचावर खांबावर लावायचा असेल तर श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला. भिंतीवर आडवा असेल तर केशरी पट्टा वर. उभा लावला तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. टेबलावर अंथरायचा नाही, पोडियमला गुंडाळायचा नाही आणि सत्कारमूर्तींच्या खांद्यावर शालीसारखा तर मुळीच घालायचा नाही. तिरंगा पांघरणं कायद्याने फक्त शासकीय इतमामातल्या, सैन्याच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारातच मान्य आहे, आणि हे समोर बसलेल्या प्रत्येक फौजीला माहीत असतं. राष्ट्रगीत पूर्ण, साधारण ५२ सेकंदांचं. मोबाइलवरून लावण्यापेक्षा सगळ्यांनी म्हणावं.

वीरपत्नी आणि वीरमाता येणार असतील तर पहिली रांग त्यांची. पदकं लावून आल्या तर ती छातीच्या उजव्या बाजूला असतील. दिवंगत सैनिकाची पदकं कुटुंबीय तशीच लावतात, कोणी पुढे होऊन ‘चुकून उजवीकडे लावलीत’ म्हणू नये. त्यांना मंचावर बोलावून रडवणारं निवेदन करू नका.

भेट काय द्यायची

तोफेची किंवा रणगाड्याची प्रतिकृती बहुतेकांच्या घरी आधीच दोन-तीन असतात. त्याच पैशांत सेवापट, निवडक फोटो, मुलाखत आणि मानपत्र असं पन्नास-साठ पानांचं बांधीव पुस्तक होतं. नातवंडं तेच वाचतात. निधी जास्त जमला तर साहेबांच्या नावाने ध्वजदिन निधीला देणगी द्या किंवा शाळेत शिष्यवृत्ती ठेवा. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्या सुमारास दिलं तर छान. रस्त्याला किंवा प्रवेशद्वाराला नाव द्यायचं असेल तर ग्रामसभेचा किंवा पालिकेचा ठराव लागतो. ठरावाआधी पाटी लावू नका.

नंतरचं काम

कार्यक्रमासाठी आणलेले फोटो आणि वस्तू यादीवर खूण करत परत करा, सही घ्या. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा: एक प्रत कुटुंबाकडे हार्ड डिस्कवर, दुसरी संस्थेकडे. फाइलला ‘नवीन रेकॉर्डिंग ३’ असं नाव नको. तारीख, नाव, बैठक क्रमांक लिहा. पुस्तकाची एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक साहेबांच्या शाळेला, एक त्यांच्या रेजिमेंटल सेंटरला टपालाने पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, अभियंता दलाच्या बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.

पुस्तक युनिटच्या लोकांपर्यंत पोहोचलं की फोन येऊ लागतात. ‘त्या फोटोत डावीकडून तिसरा मी आहे’, ‘ती चौकी आम्ही सप्टेंबरमध्ये घेतली, ऑक्टोबरमध्ये नव्हे’. हे सगळं फोन करणाऱ्याच्या नावासह, तारीख घालून वहीत उतरवा. साहेबांना वाचून दाखवा. त्यांना पटेल तेवढं दोन-चार पानांच्या जोडपत्रात छापून ज्यांना पुस्तक दिलं त्या सगळ्यांना पाठवा.